पीएचडी करू का, मॅडम?

१
एमएस्सीचा निकाल लागला की हा प्रश्न स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहतो. एक पाय आत, एक बाहेर. ‘मॅडम, पीएचडी करू का?’ या आठवड्यात आलेल्यांपैकी कशात करायची हे कुणीच सांगितलं नाही. कुठे करायची हे सगळ्यांना ठाऊक होतं.

२
भाव पुढीलप्रमाणे.
पंतप्रधान रिसर्च फेलोशिप : पहिली दोन वर्षं महिना ७०,००० रुपये, पुढे चढत ८०,०००.
नेट-जेआरएफ : जानेवारी २०२३ पासून ३७,०००, सीनियर झाल्यावर ४२,०००.
केंद्रीय विद्यापीठातली नॉन-नेट : ८,०००.
राज्यातल्या विद्यापीठात नाव नोंदवून स्वतःच्या हिमतीवर करणारा : शून्य, वजा फी.
लॅबमधली सिलिका मात्र सगळ्यांच्या नाकात सारखीच जाते.

३
मुलीबरोबर आई आली होती. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांची प्रिंट मुलीच्या हातात. पीएचडीला किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुन्हा नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना त्यावर आणखी दोन. शिवाय बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. आईने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, ‘बत्तीस.’
‘आई, ते जास्तीत जास्त आहे.’
‘सवलत दिली की माणूस घेतोच.’

४
कॉलम लावणं म्हणजे काय ते एकदा लिहून ठेवते. रसायनशास्त्रातल्या पीएचडीचा बराच काळ त्याच्यासमोर उभं राहण्यात जातो आणि माहितीपुस्तिकेत त्याचा फोटो नसतो. तिथे पांढरा कोट घालून हसणारे लोक असतात.

काचेची उभी नळी, खाली तोटी. तोटीच्या वर कापसाचा बोळा. त्यावर हेक्झेनमध्ये कालवलेली सिलिका एका दमात ओतायची. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर नंतर तिथे तडा जातो आणि जे वेगळं करायचं तेच पुन्हा मिसळतं. सिलिका बसली की वर वाळूचा पातळ थर. मग आपला माल घालायचा, म्हणजे आठवडाभर चालवलेल्या रिअ‍ॅक्शनचा तपकिरी चिकटा. वरून आधी नुसतं हेक्झेन, मग त्यात एथिल अ‍ॅसिटेट दोन टक्के, पाच टक्के, दहा टक्के. घाई करून एकदम वीसवर गेलात की सगळे ठिपके हातात हात घालून खाली येतात.

खाली टेस्ट ट्यूब भरत जातात. प्रत्येकीतला कण केशनळीने टीएलसीच्या प्लेटवर टेकवायचा, सॉल्व्हंट प्लेटवर चढू द्यायचा, मग प्लेट यूव्ही दिव्याखाली धरायची. एका ठिपक्याच्या नळ्या इकडे, दोन ठिपक्यांच्या तिकडे. एकठिपक्यावाल्या एकत्र करून रोटाव्हॅपवर सॉल्व्हंट उडवायचा. फ्लास्कच्या बुडाशी उरते ती पांढरट चकाकी. ती आहे हे डोळ्याला पटतं, वजनकाट्याला पटत नाही. मग एनएमआरचा नंबर, तो रात्रीचा. स्पेक्ट्रममध्ये ७.२६ वर क्लोरोफॉर्मची काडी हमखास असते. बाकीच्या काड्या पाहून छातीत धडधडतं, आणि मग लक्षात येतं की हे एथिल अ‍ॅसिटेटच आहे, नीट उडालं नव्हतं.

हे सगळं तिसऱ्यांदा करताना ज्याला गुणगुणता येतं, त्याच्याशीच पुढचं बोलावं.

५
‘तुला काय आवडतं?’
‘ऑरगॅनिक.’
‘त्यातलं काय?’
‘नेटला येतं ते.’

६
१९३३ साली मुंबईची कमला भागवत बी.एस्सी. होऊन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेली. संचालक सी. व्ही. रामन नाही म्हणाले; कारण ती मुलगी. ती हटली नाही. शेवटी अट घालून घेतलं : वर्षभर काम बघू, पसंत पडलं तर मान्यता, आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. काम पसंत पडलं. पुढे केंब्रिज. वनस्पतींमधल्या सायटोक्रोम-सी वर प्रबंध, १९३९ मध्ये डॉक्टरेट. याच कमला सोहोनी. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. नीरेवरही त्यांनी काम केलं.

प्रबंध म्हणे जेमतेम चाळीस पानांचा होता. आमच्या वाचनालयातला सगळ्यात बारीक प्रबंध दाराला अडसर म्हणून पुरतो, मी पाहिलं आहे.

७
कमलाबाईंची थोरली बहीण दुर्गा भागवत. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. आपल्याकडे दुर्गाबाईंचं नाव निघालं की कुणी डिग्री विचारत नाही.

८
पीएचडी नसलेल्या थोरांची यादी मुलांना पाठ असते. सत्येंद्रनाथ बोस. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, ६१७४ वाले. जपानचे कोइची तानाका : बी.टेक.एवढं शिक्षण, कंपनीत नोकरी, २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल. मी त्यात एक भर घातली : जयंत नारळीकरांनी केंब्रिजमध्ये ज्यांच्या हाताखाली १९६३ साली पीएचडी केली, त्या फ्रेड हॉएल यांच्याकडे स्वतःची पीएचडी नव्हती.
यादी म्हणून दाखवणाऱ्याचा फिजिकलचा पेपर राहिला आहे. ऑक्टोबरला देणार आहे.

९
डिसेंबर २०२३, नागपूर, विधान परिषद. सारथी या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिप दोनशेवर आणल्याचा विषय निघाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं, पीएचडी करून काय दिवे लावणार?
आमच्या लॅबमधला यूव्ही दिवा त्या आठवड्यात बंदच होता. नव्या दिव्याचा अर्ज खरेदी समितीपुढे होता.

१०
त्याच महिन्याच्या २४ तारखेला बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या फेलोशिपची सामाईक परीक्षा झाली. २०१९ च्या सेटचाच पेपर पुन्हा दिल्याची तक्रार झाली. १० जानेवारीला फेरपरीक्षा. तिथे पेपरांना सील नसल्याची ओरड.
या मुलांना पुढे प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतच साम्य माफ आहे. २०१८ चा नियम. त्यावर गेलं की सुधारून आणा, साठच्या वर गेलं की नोंदणीच रद्द.

११
वधूच्या नावापुढे ‘डॉ.’ छापायचं की नाही, यावर एका घरात वाद झाला. छापलं. मांडवात तीन डॉक्टर : एक एमडी, एक बीएचएमएस आणि वधू, सल्फर यलाइडवाली. गुडघेदुखीवर काय करावं हे आत्याबाईंनी तिघांनाही विचारलं. सविस्तर उत्तर वधूने दिलं.

१२
नियमांचा एक प्रवास. २०१८ : विद्यापीठाच्या विभागात सहायक प्राध्यापक व्हायचं तर जुलै २०२१ पासून पीएचडी सक्तीची. २०२१ : मुदत २०२३ पर्यंत पुढे. जुलै २०२३ : सक्ती नाही, नेट, सेट किंवा स्लेट पुरे.
आमचा एक विद्यार्थी पहिल्या नियमासाठी नोंदला गेला, दुसऱ्यात त्याचा सिनॉप्सिस गेला आणि तिसऱ्यानंतर त्याचा व्हायवा झाला. पेढे दिले त्याने. नेट त्याची आधीच झालेली होती.

१३
गाइडबद्दल.

मुलं संस्थेचं नाव बघतात. मग विषय. गाइड शेवटी, तोही वेबसाइटवरच्या फोटोवरून. खरं तर सहा वर्षं रोज उठून ज्याचं तोंड बघायचं तो माणूस आधी बघावा. विषय वर्षभरात बदलतो, कुणाला पत्ताही लागत नाही. गाइड बदलायचा तर समितीपुढे जावं लागतं आणि सगळ्या गावाला कळतं.

शोधगंगा नावाचं एक भांडार आहे, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं. देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. तिथे गाइडचं नाव टाकावं. त्याचे मागचे पाच-सहा विद्यार्थी काढावेत. नोंदणी कधी, पदवी कधी, हे बहुतेकदा तिथेच सापडतं. वजाबाकी करावी. मग प्रकरणं सोडून थेट ऋणनिर्देश वाचावा. प्रबंधातला हा एकच भाग विद्यार्थी स्वतःच्या भाषेत लिहितो. गाइडचे आभार सगळ्यांनी मानलेले असतात, त्याने काही कळत नाही. ज्यात गाइडला दोन ओळी आणि स्टोअरकीपरला सहा, तो प्रबंध दोनदा वाचावा. गाइडच्या सौभाग्यवतींचे ‘घरच्यासारखी माया लावल्याबद्दल’ आभार दिसले, की त्यांच्याकडचा गॅस सिलिंडर कोण आणत होतं असं माझ्या मनात येतं. माझं मन तसंच आहे.

मग लॅबमध्ये न सांगता जाऊन यावं, दुपारच्या चहाच्या वेळी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारू नये, तो अजून प्रेमात असतो. शेवटच्या वर्षाच्यालाही नको, त्याच्या सहीचे कागद टेबलावर असतात. तिसऱ्या वर्षाचा शोधावा. तो बहुधा बाहेर पार्किंगपाशी सापडतो.

१४
‘मॅडम, चांगला गाइड ओळखायचा कसा?’
त्याचा विद्यार्थी त्याच्यासमोर ‘सर, हे चुकलंय’ म्हणू शकतो का ते बघ.
मुलगा हसला. मी गंमत केली असं त्याला वाटलं.

१५
जुलै २०२२ मध्ये संशोधन संस्थांच्या उपकरणांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. आधी ५ होता.

१६
संशोधनावर देशाचा खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के. एवढं यिल्ड आलं की आम्ही रिअ‍ॅक्शन बदलतो.

१७
एकाच बेंचवरच्या दोन मैत्रिणी. एक कुरकुंभ एमआयडीसीत औषध कंपनीत क्यूसीला लागली. शिफ्ट, हेअरनेट, एचपीएलसी, महिन्याच्या ठरल्या दिवशी पगार. दुसरीला जेआरएफ मिळाली, सत्कार झाला, पेपरात फोटो आला. फेलोशिप मात्र सुरू व्हायला वेळ लागला. आधी कागद अडकला, मग पोर्टल. तेवढे महिने पहिली दुसरीच्या खोलीचं भाडं भरत होती. फेलोशिप थकबाकीसकट एकदम आली तेव्हा दुसरीने सगळे पैसे परत केले आणि वर एक कुकर घेऊन दिला.
आता पहिली विचारते आहे, ‘मॅडम, मी पीएचडी करू का?’ दुसरी म्हणते आहे, ‘कुरकुंभला जागा आहेत का?’

१८
वडील शेतकरी. मुलाला बाहेर उभं करून एकटे आत आले.
‘मॅडम, हे झाल्यावर नोकरी लागते का?’
‘लागेलच असं नाही.’
‘मग पोरगं का म्हणतंय?’
‘त्याला आवडतं.’
थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘आवडतं तर मला द्राक्षबागही.’
नाराजी नव्हती आवाजात. बागेत या वर्षी पुन्हा कर्ज काढून नवीन वाण लावलं आहे, हे मुलाने नंतर सांगितलं.

१९
स्टाफरूममध्ये आमच्या टेबलाच्या टोकाला तासिका तत्त्वावरचे बसतात. त्यातल्या एकाकडे नेट, सेट आणि पीएचडी, तिन्ही आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नसतात, म्हणजे मानधन नसतं. सुट्टीत तो भावाच्या कृषी सेवा केंद्रात बसतो. औषधांच्या डब्यांवरचे रेणू त्याला पाठ आहेत. गिऱ्हाइकाला तो कमी औषध विकतो, अशी भावाची तक्रार आहे.
विद्यार्थ्यांनी त्याला ‘करू का’ असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. खरं तर उत्तम उत्तर त्याच्याकडे असणार.

२०
जर्मनीत पीएचडी बहुतेकदा नोकरी असते. करारपत्र, पगारपत्रक, पेन्शनची कपात. अनेक ठिकाणी वेतनश्रेणीचे ६५ टक्के, म्हणजे कागदावर ६५ टक्केच काम. तिथे असलेल्या आमच्या विद्यार्थ्याला विचारलं, उरलेल्या पस्तीस टक्क्यांत काय करतोस?
‘लॅबमध्येच असतो, मॅडम. पण ते माझ्या मर्जीने.’

२१
अमेरिकेची स्वप्नं या वर्षी स्टाफरूमच्या दारात कमी दिसतात. २०२५ च्या वसंतात तिथल्या काही विद्यापीठांनी निधीकपातीमुळे पीएचडीचे दिलेले प्रवेश मागे घेतले. ‘आधी अभिनंदन आणि मग क्षमस्व, दोन्ही मेल एकाच फाँटमध्ये,’ असं एकीने सांगितलं. ती आता पाषाणच्या एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट आहे. तिला तिथे आवडतं, पण हे तिने घरी अजून सांगितलेलं नाही. घरचे अजून अमेरिकेचंच सांत्वन करताहेत.

२२
माझ्या बॅचमधल्या एकाने चौथ्या वर्षी सोडली. आता पेटंटच्या कामात आहे. दिवसभर दुसऱ्यांचे शोध वाचतो आणि त्यात नवीन काय नाही ते शोधून काढतो. काम त्याला आवडतं आणि पैसे बरे मिळतात. गावाकडे अजून ‘बिचाऱ्याची राहिली’ असंच म्हणतात.
तो म्हणाला, ‘मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. चौथं वर्ष मी लोकांसाठी केलं.’

२३
पीएचडी करायची नाही हे ठरवायला कुणी माझ्याकडे येत नाही. ते घरीच ठरतं.

२४
जून २०२४ ची सीएसआयआर-नेट २५ तारखेपासून होती. २१ ला जाहीर झालं, पुढे ढकलली. जुलैत झाली. त्या चार दिवसांत वसतिगृहात दोन तट पडले. अभ्यास झाला नव्हता त्यांना वाटलं, देव आहे. झाला होता त्यांनाही एवढा राग आला नव्हता, जेवढा मेसच्या महिन्याचे पैसे पुन्हा भरावे लागले तेव्हा आला.

२५
एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. गुण मधले. प्रॅक्टिकल संपल्यावर सगळे गेले तरी ही फ्रिजपाशी. तिने क्रिस्टल लावले होते. पहिल्या खेपेला पांढऱ्या सुया आल्या, दुसऱ्या खेपेला पिवळट पत्रे. पदार्थ तोच, सॉल्व्हंट तोच. वितळणबिंदू दोन अंशांनी कमी. प्रॅक्टिकलच्या दृष्टीने काम झालं होतं, जर्नलवर सही झाली होती, गुणही पडले होते.
‘मॅडम, पिवळं का?’
मी दोन-तीन कारणं सांगितली. मळ राहिला असेल, थंड फार लवकर केलं असेल, हवा लागली असेल.
‘पण मग पहिल्यांदा का नाही?’
मी सांगितलेल्या तिन्ही कारणांसाठी तिने तीन वेगळ्या टेस्ट ट्यूब लावल्या, चौथी काही न बदलता. चौथी का, असं मी विचारलं नाही. तिने पीएचडीबद्दल आजवर एक शब्द विचारलेला नाही. घरी स्थळं बघताहेत, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. शोधगंगेचा पत्ता मी तिला कागदावर लिहून दिला. हे मी कुणाला न विचारता केलं.

२६
विभागाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मंचावर बसलेले : एक उद्योजक, एक उपजिल्हाधिकारी, एक एलआयसीतले. पीएचडी झालेले चौघे ध्वनिक्षेपकाची वायर लावत होते. लागली.

२७
एका मुलाने कागदाच्या मधोमध रेघ मारून आणली होती. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. तोट्यांत अकरा मुद्दे, फायद्यांत एक. फायद्याचा मुद्दा खोडून पुन्हा लिहिला होता, मग परत खोडला होता. मला वाचता आला नाही. ‘काय आहे हे?’
‘ते राहू दे, मॅडम. ते ठरलंय.’
मग विचारायला कशाला आला होता, कोण जाणे. तोट्यांतला सातवा मुद्दा ‘पोळ्या’ असा होता, तो मात्र त्याने नीट समजावून सांगितला.

२८
आज नेटचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. साइट सकाळपासून उघडत नाही. ऑफिसातल्या एकमेव चालू प्रिंटरपाशी नऊ जण. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा नाही, सही फार मोठी स्कॅन झाली, जातीच्या दाखल्यावरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नाही. पोळ्यावाला रांगेत तिसरा. फ्रिजवाली रांगेत नाही. तिच्या चौथ्या टेस्ट ट्यूबमध्ये पांढऱ्या सुया आल्या आहेत आणि ती चिडली आहे.
पाच वाजता निरोप आला, मुदत दोन दिवसांनी वाढली. रांग मोडली, सगळे चहाला गेले.